मागे वळलेली नौका

“मी वळायला नको होतं का, भन्ते?”

शार्दूल केरकरनं हे विचारलं तेव्हा भन्ते धम्मरत्न विहाराच्या मागच्या पायरीवर बसले होते. समोर खाडी होती, आणि खाडीच्या मुखापलीकडे समुद्र.



भिक्खूचं चीवर घेण्याआधी भन्तेंचं अर्धं आयुष्य शिडाच्या नौकांवर गेलं होतं. शार्दूल आणि त्याचा मित्र माल्कम डिमेलो, दोघांच्याही हातात पहिल्यांदा सुकाणू दिलं ते त्यांनीच. पुढे शार्दूलनं स्वतःची यॉट बांधून घेतली. गोव्याहून दोघंच तिच्यातून निघाले, पृथ्वीला वळसा घालायला.

परतला तो एकटा शार्दूल. तोही विमानानं.

“झालं ते सांग,” भन्ते म्हणाले.

शार्दूलनं सांगितलं. मॉरिशस सोडून ते आफ्रिकेच्या टोकाकडे चालले होते. वादळ मागून येत होतं, पण ते त्याच्या पुढे होते. वारा तसाच राहता तर बंदर गाठलं असतं. तेवढ्यात रेडिओवर मदतीची हाक आली. मागे, वादळाच्या अगदी तोंडाशी, आणखी एक छोटी यॉट होती. डोलकाठी मोडलेली, आत पाणी भरत चाललेलं, आणि वर एकटाच म्हातारा. आसपास दुसरं जहाज नव्हतं.

शार्दूल वळायचं म्हणाला तेव्हा माल्कमनं एवढंच विचारलं होतं, “नक्की?”

“त्यावर मी काय म्हणालो, माहीत आहे?” शार्दूल म्हणाला. “नौका माझी आहे, म्हणालो.”

…

माल्कमनं वाद घातला नाही. शीड त्यानंच लहान केलं, दोर त्यानंच आवळले. नौका वळली. दिवस मावळायच्या सुमारास एक लाट आडवी आली. ती ओसरली तेव्हा माल्कमच्या कमरेला बांधलेली दोरी डेकवर लोळत होती. तिचं दुसरं टोक तुटलं होतं.

उजेड होता तोवर शार्दूल त्याला शोधत राहिला. उजेड गेल्यावरही शोधत राहिला. सकाळी दिसली ती म्हाताऱ्याची यॉट. म्हातारा जिवंत होता. शार्दूलनं त्याला आपल्या नौकेवर घेतलं, बंदरात उतरवलं. तिथल्या लोकांनी शार्दूलच्या सत्काराचा समारंभ ठेवला होता. तो गेला नाही. नौका तिथेच किनाऱ्यावर ओढून ठेवली आणि पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाही असं ठरवून घरी आला.

“वाऱ्यावर ढकलणार नाही मी, लाटेवरही नाही,” तो म्हणाला. “कप्तान मी होतो. जे झालं ते माझ्यामुळे झालं. दुसऱ्या कुणाचा त्यात वाटा नाही.”

त्याच्या आवाजात दुःख होतं. ताठाही होता.

“हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, भन्ते. त्याशिवाय मी इथून उठणार नाही.”

भन्तेच उठले.

पायऱ्यांच्या तळाशी विहाराची लहानशी होडी बांधलेली असे. पैलतीरावर जायला तीच एक सोय होती. भन्ते तिच्यात जाऊन बसले. शार्दूलला त्यांनी हातानंच बोलावलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. भन्तेंनी आग्रह केला नाही. वाकून दोर सोडला.

ओहोटी लागली होती. होडी आधी रेंगाळली, मग प्रवाहात सापडली आणि मुखाकडे निघाली. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या.

वल्ही काठावरच राहिली होती. ती विसरली की मुद्दाम ठेवली, हे भन्तेंनी पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही.

शार्दूलनं हाक मारली. भन्ते हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी मागे पाहिलं नाही.

…

मग शार्दूल पाण्यात होता. पायऱ्या कधी उतरलो, हे त्याला नंतर आठवेना. पोहत जाऊन त्यानं होडीची कड धरली, पण प्रवाह दोघांनाही ओढू लागला. तो कसाबसा वर चढला, तळाची एक फळी उपटली आणि तिनंच पाणी मारू लागला. हात सोलवटले. दांडा अगदी जवळ आला होता तेव्हा होडी फिरली, आणि काठच्या चिखलात जाऊन रुतली.

 शार्दूलला धाप लागली होती. ती कमी झाली तसा त्याला राग आला. ओहोटी लागलेली दिसली नाही का, वल्ही नाहीत हे कळलं नाही का, असं तो बोलत सुटला.

“बुडाला असतात तुम्ही,” तो म्हणाला.

“हो.”

“तुमच्याबरोबर मीही गेलो असतो.”

“गेला असतास,” भन्ते म्हणाले. “मग यायला नको होतंस का?”



शार्दूलच्या हातातली फळी खाली पडली. माल्कम गेल्यापासून तो रडला नव्हता. समारंभाचं बोलावणं आलं तेव्हा नाही, घराचं दार उघडलं तेव्हाही नाही. आता रडला. भन्तेंनी त्याला थांबवलं नाही. खाडीचं पाणी उतरत राहिलं, होडीभोवतीचा चिखल उघडा पडत गेला.

खूप वेळानं तो हळूच म्हणाला, “पण माल्कम गेला, भन्ते.”

“गेला.”

“मी काय करू आता?”

भन्तेंनी चीवराच्या टोकानं त्याच्या पाठीवरचा चिखल पुसला. सावकाश, सगळा पुसून होईपर्यंत.

“सगळं सांगितलंस,” ते म्हणाले. “ज्याला वाचवलंस, त्याचं नाव तेवढं सांगितलं नाहीस.”