विहिरीच्या पाण्याचा अंगरखा

एका राज्यात नदी होती, ती चोरीला गेली. तांबेरा नावाच्या मांत्रिकानं ती चटईसारखी गुंडाळली आणि डोंगराखाली सरकवून ठेवली. राहिली एकच विहीर. तिच्या तळाशी तांबेऱ्याची लोखंडी पेटी होती, शापित सोन्यानं भरलेली. थोरल्या महाराजांनी ती तिथं बुडवली होती. त्याचा सूड तांबेऱ्यानं त्यांच्या मुलावर, तरुण राजा अरिंजयावर घेतला. त्यानं राजाच्या अंगात पांढरा अंगरखा घातला.

“हा पुरता पिवळा पडेल तेव्हा तू मरशील. कोऱ्यासारखा पांढरा झाला तर मी मरेन. धुवा आता.”

अंगरखा अंगावरून उतरे, पण शाप उतरत नसे. न धुतला तर घामानं पिवळा पडे, धुतला तर विहिरीच्या पाण्यानं. राजपरीट सोनजी रोज धुण्याच्या दगडावर तो मोगरीनं बडवी.

“धुण्याचा खार वाढवा,” तो म्हणे. “नदीवर जन्मभर असंच धुतलं. खारापुढं मळ टिकतो होय?”

खार वाढला तसा पिवळेपणाही वाढला, आणि राजाची कातडी हळदीसारखी झाली. मग प्रधानानं नीळ घालून पाहिली. अंगरखा पांढरा दिसला, पण राजाचे ओठ निळे पडले.

राजाला एकच बहीण होती, वेणुमती. पान पडलं तरी दचकायची. दगडावर मोगरी पडे तेव्हा ती दचके. महालात भाऊ ओरडे तेव्हा पुन्हा दचके. एके सकाळी तिच्या ध्यानात आलं की हे दोन्ही एकाच क्षणी होतं.

ती धावत गेली आणि तिनं मोगरी धरली. “सोनजी, हे त्याला लागतंय.”

महालातला आवाज थांबला होता. सोनजीनं हातातल्या मोगरीकडं पाहिलं. “म्हणजे ताईसाहेब, इतके दिवस मी महाराजांनाच...?”

विहिरीच्या काठावर एक बगळा बसला होता. तो बोलला, आणि वेणुमती किंचाळली.

“ओरडतेस काय? बगळा आहे मी, तुझी सासू नव्हे.”

“तू इथं कशाला?”

“नदी गेली, मासे गेले. उपाशी आहे. तुझा भाऊ मेला तर नदी कायमची गेली. म्हणून सांगतो. कामं तीन आहेत. पाणी निवळू दे. खार सोड, तांबेऱ्याच्या बागेतला रिठा आण. तिसरं काम तुझ्याच बागेत आहे, लिंबाचं. तेच सर्वांत अवघड.”

तिनं मातीचा रांजण भरला. पाण्यातला पेटीचा गंज तळाशी बसू लागला, तशी रांजणातून हाक आली, भावाच्या आवाजात. “वेणू, बुडतोय गं! हात दे!” ती दचकली आणि रांजणाला धक्का लागला. पाणी पुन्हा लाल झालं. त्या दिवशी पिवळेपणा राजाच्या गळ्यापर्यंत चढला.

दुसऱ्या दिवशी तिनं आपले हात शेल्यानं खांबाला बांधून घेतले. आवाज हाका मारत राहिला, मग रडला, मग तिला वाटेल ते बोलला. संध्याकाळी रांजणातलं पाणी आरशासारखं झालं. वरचं नितळ पाणी तिनं हलकेच काढून घेतलं.

तांबेऱ्याच्या बागेत रिठ्याच्या झाडाखाली साप निजला होता. वाळलेले रिठे हलले की वाजतात, आणि वाजले की साप जागा होतो. वेणुमतीनं एकेक रिठा तोडून तोंडात भरला. साप कूस बदलत तिच्या पायावरून सरकला, पण तोंड भरलं होतं, किंचाळता आलं नाही. ती परतली तेव्हा ओठांवर कडू फेस होता.

रिठ्याच्या पाण्यात अंगरखा भिजला. मळ सुटला. पण गंजाचा पिवळेपणा तसाच होता. तो सोडवणार फक्त लिंबू.

मोगरीनं राजाचं अंग फुटलेलं होतं. तिनं अंगरख्यावर पहिलं लिंबू पिळलं आणि महालात राजा किंकाळी फोडून उठला.

तो खुरडत अंगणात आला. “थांब! मी राजा म्हणून सांगतो!”

तिनं दुसरं पिळलं.

“वेणू, तुझ्या पाया पडतो. मला मरू दे.”

हा आवाज रांजणातला नव्हता. तिनं तिसरं घेतलं.

“तोडा तिचे हात!” राजा ओरडला. शिपाई पुढं झाले, तर सोनजी आडवा उभा राहिला.

“आधी मला तोडा. ताईसाहेब, तुम्ही धुवा.”

शिपायांनी एकमेकांकडं पाहिलं आणि भाले खाली केले. वेणुमतीनं अंगरखा न पिळता, न आपटता गवतावर उन्हात पसरला. ऊन चढत गेलं तसा राजा ओरडत राहिला, आणि मग गप्प झाला. मेला, असं सगळ्यांना वाटलं. कुणी पुढं जायला धजेना.

अंगरखा पांढरा झाला होता.

विहिरीच्या तळाशी पेटीचा भुगा झाला. डोंगराखाली तांबेरा बसल्या जागी तांबडी पूड झाला आणि वाऱ्यानं ती नेली. नदी उलगडत खाली आली आणि आपल्या पात्रात निजली. बगळा लगेच तिकडं उडाला.

राजानं डोळे उघडले. कातडीचा पिवळेपणा गेला होता. पाठीवरचे वळ मात्र राहिले, ते जन्मभर राहिले.

त्यानं वेणुमतीला विचारलं, “मी थांब म्हणालो, ते तुला ऐकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“सगळं?”

“सगळं.”

राजा उठून बसला. सोनजीनं दोन्ही हातांनी अंगरखा पुढं धरला, पण मान वर केली नाही. राजानं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि हात मागं केले. वळ चुकवत चुकवत सोनजीनं त्याला तो घातला.