हौसाचा वाटा

चिंचसरच्या सोमवारच्या बाजारात भाजीचे वाटे आधीच बांधून ठेवलेले असतात. स्वस्तही असतात. पण पहिल्या गिऱ्हाइकाने वाटा विकत घ्यायचा नाही, फक्त बोट दाखवायचे. मग भाजीवाली तो वाटा सोडते आणि त्यातल्या प्रत्येक भाजीचा घास सगळ्यांसमोर कच्चाच खाते. परगावचे लोक हसतात. त्यांना चिंचेखालचा हा काळा दगड दाखवावा लागतो.

या दगडावर ठकू माळीण बसायची, असे सांगतात. पळसाच्या पानांत भाजी गुंडाळून, केळीच्या सोपटाने तिच्यासारखी दुहेरी गाठ मारणारी पंचक्रोशीत दुसरी नव्हती म्हणे. बाई कष्टाळू, पण हात चलाख. वर कोवळी मेथी, खाली उरलेसुरले. गोरगरीब नेतात, त्यांना कुठे निवड करायची असते, असे ती मनाला समजावी.

एका साली पावसाने ओढ दिली आणि वेलावरचे दुधी कडू झाले. कडू दुधी विषारी, हे माळणीला कोणी शिकवायला नको. तरी टाकून द्यायला तिचा जीव होईना. फोडी करून तिने त्या वाट्यांच्या तळाशी सारल्या. वाटे हां हां म्हणता खपले.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या गावाहून सांगावा आला, हौसा अत्यवस्थ आहे. ठकू धावतच गेली. चुलीपाशी पळसाची पाने पडली होती आणि सोपटाला तिचीच दुहेरी गाठ होती. सासरची ओढाताण लेकीने माहेरी कधी कळू दिली नव्हती. स्वस्तातला वाटा तिने शेजारणीकडून मागवला होता.

हौसा क्षीण आवाजात म्हणाली, "आये, गाठ वळखली म्या तुजी. लई कडू लागलं, पर तुज्या हातचं म्हनून टाकलं न्हाई."

दिवस मावळायच्या आत ती गेली. ठकूला रडूही फुटले नाही. आपण काय केले, हेच तिच्या मनात शिरत नव्हते.

पुढच्या सोमवारी ती दगडावर येऊन बसली, तेव्हा लोक हबकले. पहिल्या बाईला ती म्हणाली, "यातला कंचाबी दाव. त्यो मी खानार." मरेपर्यंत तिने हा नेम मोडला नाही म्हणे.

आजही चिंचसरला पहिल्या गिऱ्हाइकाला हौसा म्हणतात, मग तो मिशीवाला गडी का असेना. भाजीवालीने शेवटचा घास गिळेपर्यंत हौसाने समोरून हलायचे नसते.