एक तरी सुटा भाग

मिरजेत एकाच जुन्या विलायती मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. एक दौलतराव सरनोबतांची, शोभेची. दुसरी शाल्मलीची, ती वरातींना भाड्याने जायची आणि त्यावर मायलेकींचं घर चालायचं. शाल्मलीच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, तेव्हा दोघांनी निम्मा-निम्मा खर्च घालून तसलीच तिसरी गाडी परदेशातून मागवली, खोलून भाग वाटून घ्यायला. करार झाला: गाडी दौलतरावांच्या नावावर, सुटे भाग दोघांचे, पहिली निवड शाल्मलीची.

गाडी आली ती चकचकीत. दौलतरावांची नियत फिरली.

"खोलायची नाही," ते गॅरेजात सर्वांदेखत म्हणाले. "करारात 'सुटे भाग' लिहिलंय, पोरी. हिच्यात एक तरी भाग सुटा आहे का? दाखव आणि घेऊन जा."

त्यांनी टपावर थाप मारली तशी शाल्मली दचकली, पण मागे सरली नाही.

"आहे की, काका." तिने बॉनेटवर पडलेली किल्ली उचलली. "ही माझी पहिली निवड. बाकीची गाडी तुम्ही खुशाल ढकलत न्या."

"जोडीची किल्ली आलेली नाही, साहेब," इक्बाल मिस्त्री हळूच म्हणाला.

दौलतरावांनी कपाळ पुसलं. "पाने काढ, इक्बाल. आधी हिचा गिअरबॉक्स उतरव."