दुष्काळातली थापड

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. माघ महिना. करमाळ्याकडची थंडी ओसरत आली होती.

“ती थापड मला का मारलीत, वस्ताद?”

नागनाथने रामराम घातला नाही. चपलाही बाहेर काढल्या नाहीत. ज्या तालमीत तो कुस्ती शिकला, तिथे बारा वर्षांनी शिरला तो असा.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून तांबडी माती चाळत होते. ऐंशीकडे झुकलेले. त्यांनी मान वर केली.

“आधी चपला काढ. मातीनं काय बिघडवलंय तुझं?”

नागनाथने काढल्या.

“माझी स्वतःची तालीम आहे आता. पोरं विचारतात, तुमचे वस्ताद कोण? मी नाव घेत नाही.”

“नको घेऊस.”

“माफी मागा, घेतो. नाहीतर ती थापड परत करून जातो. आज फेडल्याशिवाय हलणार नाही.”

“कधीची म्हणतोस?”

“बाहत्तरच्या दुष्काळातली. माझं दोन वर्षांचं पोर तापानं गेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी इथं आलो, आणि तुम्ही सगळ्या पैलवानांदेखत मारलीत.”

वस्तादांनी चाळण खाली ठेवली.

“पोर कसं होतं रे दिसायला?”

नागनाथने आठवून पाहिलं.

“...आठवत नाही.”

“मग त्या सालातलं आठवतं काय?”

“दुष्काळी कामावर खडी फोडायची. मुकादम हजेरी लावतो का नाही, टँकर येतो का नाही, रांगेत आपला नंबर येईतो खायला सुकडी उरते का नाही... रोज तीच धास्ती. डोक्यात दुसरं काही थांबतच नव्हतं. पण थापड आठवते. काल मारल्यासारखी.”

“सांग बघू. सगळी सांग.”

“मी लंगोट लावून हौद्यात उभा. तुम्ही समोर आलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात. अन् फाडकन आवाज. टोपी उडाली ती मातीत.”

“कुणाची?”

“काय कुणाची?”

“टोपी.”

लंगोट लावून हौद्यात उतरलेल्या पैलवानाच्या डोक्यावर टोपी नसते.

नागनाथने वस्तादांकडे पाहिलं. पांढऱ्या केसांवर विणलेली टोपी होती. तशीच, तेव्हाही.

त्याचा हात गालाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या दिवशी झोंबत होता तो गाल नव्हता. उजवा तळहात होता.

त्याने तळहात उघडून पाहिला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“मी...? तुमच्यावर हात...?”

“‘रड’ म्हणालो होतो तुला,” वस्ताद म्हणाले. “एवढंच.”

नागनाथ मातीतच बसला. बारा वर्षं त्याने या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ. शिष्याने वस्तादावर हात उचलावा, असं त्याने कुठल्याही तालमीत ऐकलं नव्हतं.

“मला कुणी बोललं कसं नाही? एवढे जण होते...”

“मीच तंबी दिली होती. त्याचं पोर गेलंय, म्हटलं, कुणी तोंड उघडायचं नाही.”

“अन् तुम्ही? तुम्ही तरी...”

“मी काय करू? तू परत आलासच कुठं लेका.”

नागनाथ गुडघ्यांवर पुढे सरकला. गाल वर केला.

“देणं माझ्याकडं आहे, वस्ताद. मारा. फेडून घ्या.”

“डोळे मीट.”

त्याने मिटले. दात आवळले.

फाडकन आवाज झाला. तालीम घुमली.

गालाला काहीच लागलं नव्हतं. नागनाथने डोळे उघडले. म्हातारा पाय रोवून समोर उभा होता. त्याने स्वतःच्या मांडीवर शड्डू ठोकला होता, कुस्तीला उतरताना ठोकतात तसा.

“या शड्डूला खदाखदा हसायचं तुझं पोर,” वस्ताद म्हणाले. “फिटलं.”