रंगारी सरांच्या घराचे फोटो

"माझं घर माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं, भंते? तुम्हीच सांगा."

रंगारी सर विहाराच्या ओट्यावर धड टेकलेही नव्हते. प्रश्न आधी आला, वंदन नंतर.

भंते उपसेन झाडाखाली बसून डोक्यावरून वस्तरा फिरवत होते. पुढ्यात पाण्याचं पातेलं, खोडाला अडकवलेला हातभर आरसा. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती, त्याआधी मुंडन व्हायला हवं होतं. एरवी सोबतचे भंते हे काम करून देत. पण ते परित्राणपाठाची सूत्रं म्हणायला एका गावी गेले होते.

"ओळखत नाही, असं कोण म्हणतं?"

"माझी पोरगी."

भंतेंनी वस्तरा पाण्यात बुचकळला.

सुगत रंगारी म्हणजे नागपुरातल्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. घरात कधी नळवाला आला नाही की वायरमन आला नाही. सगळं स्वतः. स्लॅबला पाणी मारलं ते स्वतः, पंखे टांगले ते स्वतः. पत्नी रत्नमाला गेली, तेव्हा तिच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्याही त्यांनीच एकट्यानं आवरल्या. शेजारची बाई मदतीला आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं.

आता गुडघे साथ देईनात. हैदराबादहून यशोधरा म्हणाली, बाबा, माझ्याकडे या. सरांनी घर विकायला काढलं. मोबाइलवर स्वतःच फोटो काढले, वेबसाइटवर टाकले. उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. घर बघायला कोणी फिरकलं नाही.

"ती म्हणते, घरांचे फोटो काढणारी माणसं असतात, त्यातलं कोणी बोलवा. मी म्हटलं, उद्या घास भरवायलाही माणूस लाव! आणि फोन ठेवला."

"मग?"

"मग काय... ती करत नाही, मीही करत नाही."

भंतेंनी ओले हात चीवराला पुसले. "बघू."

सरांनी मोठ्या हौशीनं मोबाइल पुढे केला. एकेक फोटो आला. पाण्याची मोटर तीन बाजूंनी. मीटरचा बोर्ड. खिडकीजवळची वेताची खुर्ची, तीच खुर्ची पुन्हा जरा जवळून. अंधारं स्वयंपाकघर.

"वायरिंग बघा भंते. इतक्या वर्षांत एक फ्यूज उडाला नाही."

भंते सावकाश बघत राहिले. मग म्हणाले,

"प्रत्येक फोटोत एक माणूस उभा आहे."

"माणूस? नाही जी. रिकामं घर आहे. मी एकटा राहतो."

भंतेंनी बोट ठेवलं. फरशीवर एक लांब सावली पडली होती, डोकं वाकवलेली. पुढच्या फोटोत फ्रिजच्या दारात कोणाचा तरी धूसर आकार. त्याच्या पुढच्यात कपाटाच्या आरशात मोबाइल धरलेले दोन हात.

सर चष्मा वर-खाली करून बघू लागले. हे फोटो त्यांनी शंभरदा तरी पाहिले असतील...

"ते... माझ्या ध्यानात नाही आलं."

भंते हसले नाहीत. त्यांनी वस्तरा उचलला आणि सरांच्या हातात दिला. पाठ फिरवून बसले, मान खाली घातली. पुढचा भाग गुळगुळीत झाला होता. मागे केसांची खुरटी पट्टी तशीच होती.

"मी? भंते, मला नाही जमायचं. कापलं तर..."

"माझं डोकं सत्तर वर्षं माझ्याजवळ आहे, उपासक. मागची बाजू मी अजून पाहिलेली नाही."

एवढा मोठा माणूस डोळे मिटून, मान उघडी टाकून समोर बसला होता. सरांनी श्वास रोखला आणि वस्तरा टेकवला. खर्र... खर्र... एकदा जरा खरचटलं. रक्ताचा बारीक ठिपका उमटला.

"चुकलं भंते!"

"चालू द्या."

काम संपलं. भंतेंनी डोक्यावरून हात फिरवला, आणि ज्या माणसासमोर सारी वस्ती वाकते, त्यानं रंगारी सरांना हात जोडले.

"साधू, साधू. उपकार झाले."

सरांनी वस्तरा धुऊन परत ठेवला. कोणाकडून काही करून घेतल्यावर माणूस इतका मोकळा दिसू शकतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी, सरांनीच बोलावलेली, पल्लवी हेडाऊ नावाची फोटोग्राफर त्यांच्या दारात उभी होती. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हातात ट्रायपॉड. पण तिनं कॅमेरा बाहेरच काढला नाही. आधी सगळं घर हिंडून आली.

"काका, तुम्ही जरा अंगणात बसता?"

"का? मी दाखवतो ना, कुठून काय घ्यायचं ते."

"तुम्ही बसा. मी बोलावते."

सर तोंड फुगवून बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आपल्याच घराबाहेर पाहुण्यासारखं बसायची ही पहिलीच वेळ. आतून आवाज येत होते. कड्या निघाल्या, काहीतरी सरकलं, खिडकीची झडप कुरकुरली. दोनदा ते उठले. दोनदा परत बसले.

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एक घर होतं. लांबरुंद बैठक, पलीकडे उघडं दार, आणि खिडकीतून निघालेलं ऊन फरशीवरून चालत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेलं.

सर बघतच राहिले.

"हा उजेड कुठून आणला, बेटा?"

"आणला नाही काका. पडदा सरकवला."

तो पडदा रत्नमालाच्या आजारपणात ओढला होता. उन्हानं तिचे डोळे दुखायचे. ती गेली, आणि पडदा तसाच राहिला. मोटर दुरुस्त झाली, नळाचे वायसर बदलले. पडद्याला हात लागला नाही.

सर भिंतीला टेकून उभे राहिले. चष्मा काढला. पल्लवी स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. सरांनी तो घेतला. तिला दारातून परत पाठवलं नाही.

संध्याकाळी त्यांनी ते फोटो हैदराबादला पाठवले. लगेच फोन वाजला. यशोधरा होती.

"बाबा, आईच्या वेळी असंच दिसायचं ना आपलं घर?"

"हो गं. असंच दिसायचं." आणि मग, कधी न म्हटलेलं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, "तू सांगितलंस, बरं झालं."

घर विकलं गेलं. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सनं, संघमित्रा मेश्रामनं, घेतलं. नवरा, सासू आणि ती.

हैदराबादला निघायच्या आदल्या सकाळी, घर रिकामं करून शेजारी उतरलेले सर भोजनदानाला खीर घेऊन विहारात आले. या वेळी वंदन आधी झालं.

"भंते, त्या पल्लवीचे उपकार कसे फेडू? जन्मभर त्या घरात राहिलो. निघायच्या वेळी तिनं ते मला दाखवलं."

"कसं फेडणार?"

"तेच कळत नाही. नुसतं भरून येतं."

भंतेंनी खिरीचा घास घेतला. अंगणात कोणीतरी पाचोळा झाडत होतं.

"काल माझ्याकडे राहिलेली एक चावी द्यायला गेलो होतो," सर म्हणाले. "वाटलं होतं, दारातूनच देईन अन् निघेन. ती मेश्रामबाई म्हणाली, या ना सर, बसा. माझ्याच घरात मला... या, बसा!"

"मग?"

"मग बसलो. तिच्या सासूनं चहा केला. साखर विचारली, आणून हातात दिला. मी गप प्यालो. बोललो नाही काही, की गॅस असा लावा, मोटर तशी लावा... काही म्हणजे काही नाही."

"चहा कसा होता?"

रंगारी सरांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता.

"फार चांगला होता, भंते."

भंतेंनी वाटी खाली ठेवली.

"जन्मभर तुम्ही त्या घराचं केलंत, काल त्यानं तुमचं केलं. आता झालं ते घर तुमचं."