पेन्सिलीचा माणूस

"म्हणजे आकडेमोडीत चूक नाही, असंच ना मास्तर?"

केदार मिराशीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

शेलार मास्तर शेवटचं पान बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही. एकही नाही."

केदारने हुश्श केलं. मला त्या हुश्श करण्याचा भयंकर राग आला. माणूस जाऊन अकराच दिवस झाले होते.

मास्तरांनी चाळीस वर्षं गॅसच्या टाक्यांचे आराखडे काढले. अमोनिया, क्लोरीन, द्रवरूप प्राणवायू, जे म्हणाल ते कोंडून ठेवणारी टाकी त्यांनी काढायची आणि कारखान्यांनी निमूट बनवायची. मी निवृत्ती, त्यांचा ट्रेसर. ते पेन्सिलीने काढायचे, मी वर कागद ठेवून शाईने गिरवायचो. आता दोघेही म्हातारे. माधवनगरला शेजारी शेजारी राहतो आणि एकमेकांच्या घरचा चहा पितो.

केदार त्यांचा विद्यार्थी. हुशार, त्यात वादच नाही. एका बड्या कंपनीत टाक्यांचा मुख्य डिझायनर आहे. भाषणाला उभा राहिला की याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मी शेलार मास्तरांचा चेला. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्याने काढलेली अमोनियाची टाकी कोकणातल्या एका बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात बसली होती. भर दुपारी टँकरमधून टाकी भरत असताना आतला दाब वाढत गेला. जनार्दन तांडेल नावाचा ऑपरेटर भरण्याचं चाक बंद करायला वर चढला. तेवढ्यात सेफ्टी व्हॉल्व उघडला. दाब फार झाला की तो आपोआप उघडतो आणि पाइपातून वायू बाहेर फेकतो, त्याचं कामच ते. तो सगळा वायू तांडेलच्या तोंडावर आला. आधी डोळे गेले, दोन दिवसांनी माणूस गेला. आणि चौकशी समिती बसली.

"मास्तर, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या," केदार म्हणाला. "आराखडा निर्दोष आहे, एवढंच. समिती तुमच्या शब्दाबाहेर नाही."

"मग दोष कुणाचा?"

"ऑपरेटरचा. मास्क घातला नव्हता त्याने. केबिनमध्ये खुंटीला टांगलेला होता."

"नाव आहे त्याला."

"तांडेलचा," केदार जरा थांबून म्हणाला. "त्याच्या बायकोचाही अर्ज आलाय समितीकडे. तिला दुसरं काही नको. म्हणते, कागदावर त्यांचा दोष लिहू नका... पण भावनेवर अहवाल लिहिता येत नाही ना, मास्तर."

मी चहाचा कप जरा जोरातच आदळला. कुणी लक्ष दिलं नाही.

मास्तरांनी आराखडा जवळ ओढला.

"वायू बाहेर पडतो त्या पाइपाचं तोंड किती उंचीवर ठेवलंस?"

"जमिनीपासून साडेबारा फूट. कंपनीची नियमावली नऊ मागते. मी साडेतीन फूट जास्त दिलंय." छाती काढूनच बोलला पठ्ठ्या.

"टाकी एवढी वर का घेतलीस?"

"उधाणाला खाडीचं पाणी आवारात शिरतं. म्हणून साडेचार फुटांचा चौथरा."

"आणि माणूस उभा राहायचा प्लॅटफॉर्म?"

"साडेसात फुटांवर."

"चौथऱ्याबरोबर साडेचारवरच का नाही?"

केदारला हा प्रश्न आवडला. "तुमच्या टाकीत चाक फिरवायला माणसाला हात डोक्याच्या वर न्यायला लागायचे, मास्तर. खांदे भरून येतात त्याने. म्हणून मी प्लॅटफॉर्म तीन फूट आणखी उचलला. आता चाक बरोबर कमरेशी येतं. तेवढी सोय केली मी."

"सोय चांगली केलीस," मास्तर म्हणाले.

मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. फूटपट्टी घेतली, कानावरची पेन्सिल काढली आणि दिवाळीला रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपाशी गेले.

"मास्तर, भिंत!" मी ओरडलो. ऐकतायत कसले!

फरशीपासून साडेतीन फूट मोजून त्यांनी ताटाएवढं वर्तुळ काढलं. मग फरशीपासूनच पाच फूट मोजले आणि त्याच्याच वर वाटीएवढं दुसरं वर्तुळ काढलं.

"ही फरशी म्हणजे तुझा प्लॅटफॉर्म. खालचं ते चाक. वरचं ते पाइपाचं तोंड. बंद कर चाक."

केदार हसला. "काय मास्तर, मी काय आता पोर आहे का? बेचाळीस वर्षांचा झालो."

"तांडेल एकावन्नचा होता. कर बंद."

केदार भिंतीसमोर उभा राहिला. चाक फिरवायचं म्हणजे थोडं वाकावं लागतंच, तसा वाकला. हवेतच हात फिरवायला लागला.

"किती फेरे असतात?"

"पाच."

"मोठ्याने मोज."

"एक... दोन..."

तिसऱ्याला त्याने समोर पाहिलं. वाटीएवढं वर्तुळ त्याच्या डोळ्यांपासून वीतभर होतं.

त्याचे हात थांबले.

"थांबलास का?"

केदारने हात मागे घेतले.

"तो थांबला नाही," मास्तर म्हणाले. "पाचही पुरे केले. चाक पक्कं बंद सापडलं, तुझ्याच कागदात लिहिलंय. नाहीतर टँकर रिकामा होईपर्यंत वायू गावात गेला असता."

केदार भिंतीपासून दूर झाला. त्याचा चेहरा उतरला होता. क्षणभर मला वाटलं, आता हा बोलेल. खरंच वाटलं.

बोललाही तो.

"पण मास्तर, टाकीवरची ही जागा तुमची आहे. माझी नाही." त्याने पिशवीतून जुन्या आराखड्याची प्रत काढून पसरली. माझ्या हातची शाई होती ती. "चाक आणि तोंड, दोन्ही तुमच्या टाकीवर जिथे होतं तिथेच मी ठेवलं. सुताचाही फरक नाही. तुमची टाकी जमिनीवर होती, माणूस जमिनीवर उभा होता, तोंड त्याच्या डोक्यावरून जायचं. ठीक. पण हे मला कळणार कसं? यात माणूस कुठे दाखवलाय?"

मी मास्तरांची नजर चुकवली.

कारण माणूस होता. मास्तर टाकी काढायच्या आधी कागदावर माणूस काढायचे. पेन्सिलीने, पाच फूट चार इंच, डोक्याला टोपीसुद्धा. आधी माणूस आणि मग त्याच्याभोवती टाकी, हा त्यांचा शिरस्ता होता. कारखानदार हसायचे. शिकाऊ पोरंही हसायची आणि त्यांतला सगळ्यांत मोठ्याने हसणारा केदार. 'मास्तरांचं बाहुलं' हे नाव त्यानेच पाडलेलं. शेवटी एकदा मास्तर वैतागून मला म्हणाले, निवृत्ती, माणूस शाईत घेऊ नकोस, कशाला उगीच हसं! त्यानंतर मी शाईने गिरवलेल्या एकाही आराखड्यात माणूस नाही. मूळ कागदावरचासुद्धा मी खोडरबराने साफ पुसायचो. आणि व्यवस्थित पुसायचो, त्याचाही मला अभिमान होता. कर्म माझं!

मास्तर प्रतीकडे बघत राहिले.

"निवृत्ती, तू पुसलास ना तो?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मास्तर."

"हो... मीच."

ते खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसताना पाहिलं नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि मी कपबश्या गोळा करायचं निमित्त केलं.

केदारला मात्र त्यात वाट दिसली. तो पुढे सरकला, आवाज खाली आणला.

"तेच म्हणतोय मी, मास्तर. यात तुमचंही नाव जाईल. या वयात कशाला? मास्कचा मुद्दा खोटा थोडाच आहे? नव्हताच घातला त्याने."

"केबिन कुठे आहे?"

"खाली. आवाराच्या त्या टोकाला."

"जाऊन यायला किती वेळ लागतो?"

केदार आराखड्याची घडी घालू लागला.

"पळत गेलं तर?"

"...चार-पाच मिनिटं."

"आणि टँकर कोण थांबवणार होता तोवर?"

मास्तरांनी टेबलावरचा लिफाफा उचलला. समितीचं पत्र होतं, कालच आलेलं. केदारच्या आराखड्यावर मूळ आधार म्हणून मास्तरांचं नाव असल्यामुळे त्यांनाही विचारणा झाली होती. दोनच प्रश्न. आराखड्यात दोष आहे का? आणि, हा आराखडा तयार करणाऱ्यांत आपल्या हाताखाली शिकलेलं कोणी आहे का?

"मी लिहितो," मास्तर म्हणाले. "खाली तुझीही सही घालतोस?"

केदारने खिडकीबाहेर पाहिलं. "मास्तर, मला दोन मुली आहेत."

"तांडेलला किती होत्या?"

"...माहीत नाही."

"सही घालतोस?"

"थोडा वेळ द्या. चौकशी एकदा संपू दे, मग मी स्वतःहून..."

मास्तरांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी कागद घेतला. यावेळी पेन्सिल नाही, माझं शाईचं पेन मागितलं. लिहायला फार वेळ लागला नाही. सही केली आणि कागद केदारपुढे सरकवला.

केदारने तो मोठ्याने वाचला.

"'एक. आराखड्यात दोष आहे. उभ्या राहणाऱ्या माणसाचं तोंड आणि वायूचं तोंड समोरासमोर येतं. मूळ आराखडा माझा असून त्यातून माणूस वगळण्याची चूक माझी आहे. जनार्दन तांडेल यांचा कोणताही दोष नाही. त्यांनी चाक बंद केल्यामुळे गाव वाचलं.'"

तो थांबला. पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली, मग पुन्हा वाचली, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

"'दोन. हा आराखडा तयार करणाऱ्यांत माझ्या हाताखाली शिकलेलं कोणीही नाही.'"

कागद ठेवून तो झटकन वाकला आणि त्याने मास्तरांच्या पायांवर डोकं टेकलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि ते सुटकेचं होतं हे मला स्पष्ट दिसत होतं.

"मास्तर, तुम्ही... माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहिलंत. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

मास्तरांनी पाय आत ओढून घेतले.

"मी खोटं लिहीत नाही, केदार."