पुन्हा येणारा पत्ता

देवस्थानच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे होती. दुसरे केवळ बॅकअपसाठी; तरी त्याचा पत्ता डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाचे नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे हे सांगणाऱ्या, यादीत उमटे आणि त्या वाटेने गेलेल्या भक्तांची दर्शननोंदणी अडे.

"यमुनाबाई, रोज पुसलेला पत्ता परत येतो कसा?" व्यवस्थापक पटवर्धन गरजले. "तो थांबेपर्यंत रजा मिळायची नाही!"

सर्व्हर सांभाळणारी, गावाकडच्या आजारी आईसाठी झुरणारी यमुना म्हणाली, "साहेब, माझा रजेचा अर्ज आपण तीनदा फाडलात. तरी तो येतोच, कारण माझी ओढ फाटली नाही. हा पत्ताही दुसरे कार्ड स्वतःच नोंदवते. आज मी ती नोंदणीच बंद केली. आता तो येणार नाही."

"आणि तुमचा अर्ज?"

"आई दिसली, की तोही थांबेल."

पटवर्धनांनी चौथ्या अर्जावर सही केली. देव मूळ पाहतो; माणसाने नुसती पाने खुडू नयेत.